प्रभावतीगुप्तेची कसोटी

आंतरजालावर वाकाटकांविषयी व्याख्याने पुष्कळ आहेत; ऐकावे कोणाचे? नागपूरकरांच्या हाताशी कसोटी आहे: नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तेथून राज्य सांभाळणाऱ्या प्रभावतीगुप्तेला 'गुप्तांची कन्या' एवढे म्हणून जो पुढे जातो, तो वक्ता तिथेच सोडावा. जो तिचा पुणे ताम्रपट समोर ठेवतो आणि त्यात युवराज दिवाकरसेनाची ही माता सासरऐवजी माहेरची वंशावळ का सांगते, असे विचारतो, तो शेवटपर्यंत ऐकावा. ताम्रपटाचा पाठ वा. वि. मिराशींच्या १९६३ च्या वाकाटक-लेखसंग्रहात आहे. त्या ग्रंथाची प्रत आंतरजालावर मिळते. अर्थात मिराशींपाशीच थांबणाराही अपुराच. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली आहे.