कराची ते जुहू
संध्याकाळी जुहू विमानतळाच्या भिंतीकडेने फिरताना दिसतात हेलिकॉप्टरं, पण मला आठवतं ते १५ ऑक्टोबर १९३२ चं इवलंसं पस मॉथ विमान. २८ वर्षांचे जेआरडी टाटा सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि दुपारी दोनच्या आत इथे उतरले. सरळ रेषेत अंतर जेमतेम ८८० किलोमीटर. पण वाट अहमदाबादवरून, आणि तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! म्हणजे प्रवासाच्या हिशेबात बैलांचा वेगही धरायला हवा. जुहू तेव्हा नुसतं मातीचं मैदान. पावसाळ्यात पाणी भरलं की विमानं पुण्याहून उडायची. आजच्या जेटला कराची ते मुंबई हे अंतर दीडेक तासाचं. फक्त तसं थेट विमान आता नाही.