समुपदेशक-शिक्षण : पीएच.डी. पातळीवरील तयारी

भावी समुपदेशकांना शिकवणारे अध्यापक व पर्यवेक्षक घडवण्याचे शिक्षण. अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेली ‘काकरेप’ ही अधिमान्यता संस्था समुपदेशन, पर्यवेक्षण, अध्यापन, संशोधन व नेतृत्व अशा पाच भूमिकांची तयारी अपेक्षिते. भारतात या विषयावरचे संशोधन बहुधा मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य विभागांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी कोणत्याही शाखेच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक केले. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापनाचे कामही देता येते. समुपदेशनाच्या पर्यवेक्षणाची वेगळी तरतूद मात्र या नियमांत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. नवख्या समुपदेशकाचे सत्र ऐकावे कसे, त्याचा आत्मविश्वास न मोडता चूक दाखवावी कशी, मदतीसाठी आलेल्या माणसाची गोपनीयता जपावी कशी, हे केवळ प्रबंध लिहून येत नाही. अनुभवी पर्यवेक्षकाजवळ बसूनच येते. गावच्या शाळेत परीक्षेच्या ताणाने खचलेल्या मुलापर्यंत पोचणारा समुपदेशक किती सक्षम, हे त्याच्या शिक्षकाच्या या तयारीवर अवलंबून असते. समुपदेशकांची दखल कायद्यानेही घेतली आहे : संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रातील समुपदेशकांचाही समावेश आहे.