ग्रामसभा ते क्लबची सभा : लोणंदच्या विकासाचा हिशेब कोणासमोर?

लोणंदच्या इतिहासावर अर्धा तास बोलावे म्हणून दोन वर्षांपूर्वी एका सेवाभावी क्लबने मला बोलावले होते. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक माणसे होती. अध्यक्षांनी घंटा वाजवली, राष्ट्रगीत झाले, सचिवांनी मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले, ज्यांचे वाढदिवस होते त्यांना गुलाबाची फुले दिली. माझ्या आधी एक वक्ते होते. गावात कोणती कामे चालू आहेत, कोणती मंजूर आहेत आणि कोणती कशात अडकली आहेत, हे त्यांनी सांगितले. पाणी, गटारे, कचरा, पालखीतळ, रस्ते. माहिती नीट होती. प्रश्नही चांगले विचारले गेले. मीही एक विचारला. तो माझ्याच गल्लीतल्या दिव्यांबद्दल होता, हे कबूल करतो.

बैठक संपल्यावर चहासाठी खाली आलो. टपरीवर बाजार समितीतले दोन हमाल उभे होते. त्यांतला एक ओळखीचा. त्याने विचारले, ‘‘काय सर, वर कसली मीटिंग? गावाचं काय ठरलं का? आमच्याकडच्या गटाराचं काय म्हणले?’’ मी तासभर सगळे ऐकून आलो होतो, पण त्याच्या वस्तीचे नाव वर कोणी काढले नव्हते, मीही नाही. तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘‘पूर्वी ग्रामसभेत निदान बोंबलता तरी यायचं.’’

ह्या एका वाक्यामुळे माझे भाषण माझ्याच डोक्यातून पुसले गेले आणि वेगळाच विषय हाती लागला. गावच्या कारभाराचा हिशेब आजवर कोणासमोर मांडला जात आला? पुढचे लिखाण त्या शोधाचे आहे.

निशाण्यांचा कागद

जुन्या मराठी मुलखात तंटा तोडायचा झाला की गोतसभा बसे. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. असे महजर छापील साधनखंडांत शेकड्यांनी आहेत. ते पाहताना माझी नजर नेहमी मजकुराच्या खाली जाते. तिथे सह्या नसतात, निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, वाण्याचा तराजू, आणि पुढे बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या खुणा. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही हजेरी त्या कागदावर लागलेली असे.

ह्यावरून ते सुवर्णयुग होते असे कोणी समजू नये. स्त्रिया त्या कागदावर क्वचितच दिसतात. खालच्या मानलेल्या जातींची निशाणी असली तरी बसायची जागा ठरलेली होती, आणि ती दूर होती. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. गावाचा निर्णय पक्का व्हायला गावातल्या सगळ्या कामांची माणसे साक्षीला लागत. निव्वळ प्रतिष्ठितांच्या सहीने काम भागत नसे.

रेल्वेने घडवलेले गाव

लोणंद हे आडबाजूचे गाव मोठे झाले ते रेल्वे आणि बाजार ह्या दोन गोष्टींमुळे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य पोचवायला वाटा नव्हत्या. त्यानंतर दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्यावर भर दिला. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1890 च्या सुमारास पुण्याहून नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव असा मीटरगेज मार्ग दक्षिणेकडे गेला. लोणंदनंतर गाडी सालपे आणि आदर्कीचा घाट चढते, म्हणजे लोणंद हे घाटाच्या पायथ्याचे स्टेशन. पूर्वेला फलटण संस्थानाची हद्द लागून होती आणि फलटणला स्वतःची रेल्वे नव्हती. त्यामुळे संस्थानातला माल आणि माणसे लोणंदलाच येत. पुढे नीरेच्या कालव्यांनी ऊस आणला. 1932 मध्ये शेजारच्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. कांद्याचा बाजार वाढला आणि लोणंदचा कांदा हे नाव दूरच्या बाजारांत चालू लागले.

हा मार्ग ब्रॉडगेज व्हायला 1970 चे दशक उजाडले. फलटणला रेल्वे जायला तर त्याहून किती वेळ लागला! लोणंद-फलटण मार्गावर पुण्याहून थेट प्रवासी गाडी सुरू झाली ती 30 मार्च 2021 रोजी. लोणंदमधल्या तीन पिढ्यांनी ‘फलटणची रेल्वे’ हा विषय प्रत्येक सभेत ऐकला आहे. विकासकामांची माहिती ऐकताना इथला माणूस थोडा हसतो, त्यामागे हा इतिहास आहे.

रेल्वेने लोणंदला बाजारपेठ केले, शहर मात्र केले नाही. सातारा, वाई, कऱ्हाड ह्या गावांना एकोणिसाव्या शतकातच नगरपालिका मिळाल्या. 18 मे 1882 च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला वेग आला आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा झाला. पण ही व्यवस्था जुनी ठाणी, कसबे आणि क्षेत्रे यांच्याभोवती उभी राहिली. व्यापाराने वाढलेले लोणंद सव्वाशे वर्षे कागदोपत्री खेडेच राहिले.

गावाची परीक्षा मात्र दर वर्षी शहरासारखी होत असे. आषाढी वारीत नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातले की पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम लोणंदला पडतो. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. ह्या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हेही सातारा जिल्ह्यातलेच, आरफळचे. काही हजार वस्तीच्या गावात लाखांनी माणसे उतरतात, तेव्हा पाणी पुरते का, शौचाची सोय काय आणि सांडपाणी कुठे जाते हे प्रश्न चर्चेचे राहत नाहीत, समोर येऊन उभे राहतात. लोणंदच्या नागरी कामांचे वर्ष एप्रिल ते मार्च असे नाही. ते एका वारीपासून दुसऱ्या वारीपर्यंत असते, असे माझे मत बनले आहे.

कायद्यातली ग्रामसभा

स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतीचा 1958 चा कायदा आला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्यामागे यशवंतराव चव्हाण होते, आणि ते ह्याच जिल्ह्याचे. त्याआधी 1943 ते 1946 ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत लोकांसमोर न्यायनिवाडे चालवले होते. सगळ्यांसमक्ष हिशेब मागण्याची सवय ह्या मातीला नवी नव्हती.

1958 च्या कायद्यातले ग्रामसभेचे कलम मी अनेकदा वाचले आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी अर्ज नाही, वर्गणी नाही, कोणाची शिफारस नाही. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत पंचायतीने वार्षिक हिशेब, कारभाराचा अहवाल आणि चालू वर्षाचा विकास कार्यक्रम ठेवायचा असतो. म्हणजे मी त्या क्लबमध्ये जी माहिती ऐकली, ती ऐकण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक मतदाराला दिलेला होता. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राने केली.

प्रत्यक्षात काय होत असे, तेही सांगितले पाहिजे. मी तरुणपणी ग्रामसभा पाहिल्या आहेत. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ह्या वाटेने कितीतरी सभा उरकल्या गेल्या. घरोघर रजिस्टर फिरवून अंगठे घेतलेलेही मी पाहिले आहेत. कधी भांडणे होत, कधी खुर्च्या उडत. पण त्या गोंधळात कोणीही उठून ‘आमच्या वस्तीला पाणी का नाही?’ असे विचारू शके आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यावे लागे.

2016 नंतर

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने खेडे आणि शहर यांच्यामधल्या, संक्रमणातल्या गावांसाठी नगरपंचायत हा प्रकार आणला. लोणंद नगरपंचायत 2016 मध्ये अस्तित्वात आली. सतरा प्रभाग झाले, मुख्याधिकारी आले, निधीच्या नव्या वाटा उघडल्या. लोणंदसारख्या गावाला हे हवेच होते. ग्रामपंचायतीच्या खिशातून बाजारपेठेची आणि पालखीची गरज भागणारी नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण फटाके वाजले त्या दिवशी एक गोष्ट गेली आणि तिची चर्चा फारशी कोणी केली नाही. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. कायद्यानेच. घटनेतल्या प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहेत. शहरी कायद्यांत क्षेत्रसभेची कल्पना आहे, पण आपल्याकडच्या छोट्या गावांत ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही. नागरिक आता पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि मधल्या काळात नगरसेवकाला फोन करतो. ज्याच्याकडे नगरसेवकाचा नंबर आहे आणि ज्याचा फोन नगरसेवक उचलतो, त्याचे काम होते.

रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. लोणंदमध्ये ती जागा थोडी समाजमाध्यमांनी घेतली, थोडी वर्तमानपत्रांच्या तालुका पानांनी आणि थोडी सेवाभावी क्लबांनी.

क्लब कुठून आले

शिकागोमध्ये 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह रोटरीची पहिली बैठक घेतली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरत्या चाकाचे नाव. 1919 मध्ये रोटरी कलकत्त्यात आली, 1929 मध्ये मुंबईत. लायन्स क्लब 1917 चा, तोही शिकागोचाच, आणि 1956 मध्ये तो मुंबईत आला. आधी इंग्रज साहेब आणि गिरणीमालक, मग डॉक्टर-वकील, आणि पुढच्या काळात तालुक्याच्या गावातले व्यापारी, शिक्षक, बागायतदार असा ह्या क्लबांचा प्रवास झाला.

त्यांचे काम मोठे आहे. 1985 मध्ये रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा विडा उचलला. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या प्रत्येक लसीकरणाच्या रविवारी बूथवर गावोगावचे क्लबवाले बसलेले मी पाहिले आहेत. नेत्रशिबिरे, रक्तदान, शाळांना बाके, वारकऱ्यांना औषधे ही कामे कोणी नाकारू शकणार नाही.

पण क्लबचे सदस्यत्व निमंत्रणाने मिळते. वर्गणी असते. स्त्रियांना ह्या दोन्ही संघटनांची दारे उघडली ती 1987 नंतर. सेवा सर्वांसाठी असली तरी सभा सर्वांसाठी नसते. सेवेपुरते हे ठीक आहे. गावच्या विकासाचा हिशेब तिथे आणि तिथेच मांडला जाऊ लागला की प्रश्न उभा राहतो. रोटरीची चार प्रश्नांची एक कसोटी आहे, 1932 मध्ये तयार झालेली. त्यातला एक प्रश्न असा, की आपण करतो ते सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? मला प्रश्नातल्या ‘संबंधित’ ह्या शब्दाशी थांबावेसे वाटते. गटाराशी सर्वांत जास्त संबंध कोणाचा? ज्याच्या उंबऱ्याशी ते तुंबते त्याचा.

आपल्या सेवेची जुनी रीत

सेवा हा शब्द आपल्याकडे शिकागोहून आलेला नाही. सावित्रीबाई फुले ह्याच खंडाळा तालुक्यातल्या, नायगावच्या. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता त्या गेल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा होई. ह्या मुष्टिफंडाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. ज्या बाईने मूठभर ज्वारी दिली, ती देणगीदार झाली, आणि मुलाच्या शाळेबद्दल विचारण्याचा तिचा हक्क त्या मुठीबरोबर तयार झाला. सेवा करणारा आणि सेवा घेणारा अशी दोन टोके तिथे राहिली नाहीत.

मला क्लबविरुद्ध काही म्हणायचे नाही. त्या संध्याकाळी निदान कोणीतरी अधिकारवाणीने विचारत होते आणि उत्तर मिळत होते. अशी सभा भरत नाही त्या गावांपेक्षा लोणंद बरेच आहे. माझी सूचना लहान आहे. वर्षातून दोनदा, एकदा वारीच्या महिनाभर आधी आणि एकदा वारी गेल्यावर, हीच बैठक वरच्या मजल्यावरून खाली आणावी. बाजार समितीच्या आवारात किंवा पालखीतळावर घ्यावी, लिलाव नसेल त्या दिवशी, हमाल आणि भाजीवाल्या बायांना येता येईल अशा वेळी. तोच वक्ता, तीच माहिती. विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहावा आणि पुढच्या सभेत त्या वहीपासून सुरुवात करावी. ह्याला नवा कायदा लागत नाही. क्लबांकडे माईक आहे, खुर्च्या आहेत, इतिवृत्त लिहिण्याची चांगली सवय आहे. ग्रामसभेत नेमकी हीच सवय कमी पडत होती.

क्लबच्या अध्यक्षांना मी हे बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, कल्पना आवडली असे म्हणाले आणि पुढच्या कार्यकारिणीत ठेवतो म्हणाले. क्लबचे पदाधिकारी दर 1 जुलैला बदलतात, त्यामुळे मी नव्या अध्यक्षांनाही भेटलो. ह्या वर्षीच्यांनाही भेटणार आहे. जाताना त्या हमालाला बरोबर न्यायचे ठरवले आहे. त्याने यायचे कबूल केले आहे, फक्त लिलावाचा दिवस नको म्हणाला.