रंगवलेल्या दारांवरचा राप

रंगवलेले लाकूड धुण्याचा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांत तसा उशिराच उभा राहिला. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब, तुळया आणि दरवाजे बहुधा तेल पाजूनच राखले जात. चुलीचा धूर त्यांच्यावरही बसे, पण मुळातच गडद असलेल्या लाकडावर तो खपून जाई. इंग्रजी अमलात सरकारी इमारती आणि रेल्वे स्थानकांबरोबर जवसाच्या तेलात कालवलेले रंग रुळले. १९०२ मध्ये हावड्यात शालिमारचा कारखाना निघाला, १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली आणि पुढे साध्या घरांच्या दारांनाही ऑइलपेंट लागला. फिकट हिरव्या किंवा पांढऱ्या दारावर कडीभोवतीचा हातांचा राप आणि चौकटीच्या वरच्या अंगाची काजळी लपेना.

दिवाळीआधीच्या साफसफाईत पहिल्यांदा हाताशी आली ती चुलीतली राख. ती पितळेला मानवते, रंगाला नाही. तिचे खरखरीत कण ओरखडे पाडतात आणि तिच्यातला क्षार रंगच खातो. रिठ्याचे पाणी त्या मानाने सौम्य, पण जुन्या चिकट थरापुढे ते लवकर हात टेकते.

अशा थरासाठी लागणारा धुण्याचा सोडा स्वस्त झाला तो युरोपातल्या कारखान्यांमुळे. निकोला लब्लांने मिठापासून सोडा बनवण्याची कृती १७९१ मध्ये नोंदवली. १८६० च्या दशकात आलेल्या सॉल्वे पद्धतीने तो आणखी स्वस्त झाला. भारतात टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ मध्ये झाली आणि गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला सोड्याचा कारखाना उभा राहिला.

सोडा तेलकट मळाचा साबण करून तो पाण्याबरोबर सोडवतो. अडचण अशी, की ऑइलपेंटचा थर म्हणजेही वाळलेले तेलच. मळ कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला, हे सोड्याला कळत नाही. सोड्याच्या कडक पाण्याने घासलेले दार ओले असताना लखलखते, वाळल्यावर मात्र निस्तेज दिसते. हेच वारंवार झाले की रंगाची भुकटी बोटाला लागते. रंगाऱ्यांनी या दोषाचाच उपयोग केला: जुना रंग उतरवायला त्यांनी कॉस्टिक सोडा वापरला. नंतरच्या सिंथेटिक एनॅमललाही तीव्र क्षार सोसत नाही.

घराघरांत गॅस आल्यावर काजळी घटली, फोडणीच्या वाफेचा मेणचट थर तेवढा राहिला. तो काढायला रॉकेलचा बोळा कामी येई. रॉकेल तेल विरघळवते, त्याचा साबण करत नाही. वास आणि आगीची भीती मात्र पाठीशी असे. धुण्याची जाणती रीत खालून वर जाण्याची आहे, कारण कोरड्या भागावर ओघळलेल्या मळक्या पाण्याचे पट्टे सहसा निघत नाहीत. साध्या पाण्याने पुसणे वरून खाली.

जुन्या रंगांत शिसेही असे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरली. त्याआधी रंगवलेल्या दारांचा रंग कोरडा खरवडला तर शिशाची धूळ उडू शकते, म्हणून अशी दारे ओल्या फडक्यानेच पुसणे बरे.