‘दीनबंधु’च्या संपादिका तानूबाई बिर्जे

मराठी वृत्तपत्रकारांच्या नामावल्या आजवर पुष्कळ झाल्या. त्यांत स्त्रियांचीं नांवें फार थोडीं. याचें सामाजिक कारण सर्वांस ठाऊकच आहे. दुसरें एक कारण मात्र कायद्याच्या कलमांत दडलेलें असून तिकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. तानूबाई बिर्जे यांच्या चरित्राच्या अनुषंगानें तें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘दीनबंधु’ हें पत्र कृष्णराव भालेकर यांनीं ता. १ जानेवारी १८७७ रोजीं (शके १७९८) पुणें येथें काढिलें. सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन तेव्हां तीन वर्षें लोटलीं होतीं. पैशाच्या ओढाताणीनें पत्र पुण्यांत टिकेना, म्हणून १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेलें. गिरणीकामगारांची गाऱ्हाणीं वेशीवर टांगणारे ते हेच लोखंडे. १८९७ च्या प्लेगांत ते वारले, आणि कालांतरानें पत्राची धुरा वासुदेवराव लिंगोजी बिर्जे यांचेकडे आली. हे गृहस्थ बडोद्यास गायकवाड सरकारच्या ग्रंथसंग्रहालयांत ग्रंथपाल होते. ‘क्षत्रिय व त्यांचें अस्तित्व’ हा ग्रंथ त्यांचाच.

तानूबाई या त्यांच्या पत्नी. त्यांचा जन्म १८७६ सालीं पुण्यास झाला. वडील देवराव ठोसर हे जोतीराव फुले यांच्या परिवारांतले. त्यामुळें अक्षरओळख व समाजकार्य हीं दोन्ही बाईंस घरांतच मिळालीं. १८९३ मध्यें त्यांचा विवाह सत्यशोधक विधीनें, म्हणजे पुरोहितावांचून, झाला. पतीच्या निधनानंतर त्यांनीं पत्र बंद पडूं दिलें नाहीं. संपादनाचें काम स्वतःचे हातीं घेऊन तें १९१२ पर्यंत चालविलें. या कामाचा आरंभ कोणी १९०६ धरितात, कोणी १९०८. उत्तरकालाविषयीं, म्हणजे १९०८ ते १९१२ या चार वर्षांविषयीं, उभय पक्षांत वाद नाहीं.

आतां हीं चार वर्षें कोणतीं हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१० सालच्या प्रेस ॲक्टानें छापखानेवाल्यांकडून जामिनाची रक्कम मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार सरकारास दिला. आमच्या यवतमाळाहून ‘हरिकिशोर’ हें पत्र त्याच सुमारास निघत असे. मोठमोठे पुरुष अशा दिवसांत लेखणी हातीं घेतांना दहादा विचार करीत. अशा काळांत एका विधवा स्त्रीनें साप्ताहिक पत्र चालविणें ही गोष्ट आमच्या मतें ‘पहिली’ या विशेषणाहून अधिक मोलाची आहे.

त्या विशेषणाविषयींहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. तानूबाई या हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री-संपादिका होत, असें सरसकट लिहिण्याचा प्रघात पडला आहे. परंतु बंगाल्यांत स्वर्णकुमारीदेवींनीं ‘भारती’ मासिकाचें संपादन १८८४ पासूनच केलें होतें. मासिक निराळें आणि सार्वजनिक प्रश्नांवर दर आठवड्यास मत देणारें वृत्तपत्र निराळें. ‘वृत्तपत्राच्या संपादिका’ एवढी मर्यादा घातल्यास तानूबाईंचा हक्क बळकट ठरतो. न घातल्यास तो टिकत नाहीं. अतिस्तुतीनें चरित्रनायिकेची सेवा होत नसते.

मूळ मुद्दा पुराव्याचा. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें असणें आवश्यक होतें, व या दोघांनींच मॅजिस्ट्रेटपुढें प्रतिज्ञापत्र करावयाचें असे. संपादकाचें नांव प्रत्येक अंकावर छापलेंच पाहिजे, हें बंधन १९२२ च्या कायद्यानें आलें. म्हणजे तानूबाईंनीं काम थांबविल्यानंतर दहा वर्षांनीं! अग्रलेख लिहिणारी स्त्री व कायद्याच्या दृष्टीनें जबाबदार असा दुसराच पुरुष, ही स्थिति त्या पूर्वींच्या कोणत्याहि पत्रांत शक्य होती. म्हणून अंकाच्या अखेरच्या ओळींत पुरुषाचें नांव आढळलें, एवढ्यावरून संपादकहि पुरुषच होता असें अनुमान काढणें न्यायशास्त्राच्या भाषेंत हेत्वाभास होय. असे अंक किती संग्रहांत असतील!

उपाय अगदीं नाहीं असें नाहीं. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरींतून देशी पत्रांचा इंग्रजी सारांश दर आठवड्यास तयार होत असे, व त्याला पत्रांची यादी जोडीत. तींत संपादकाचें नांव, जात, वय आणि खपाचा आंकडा दिलेला असे. ‘दीनबंधु’च्या नोंदी १९०५ ते १९१२ पर्यंत ओळीनें लाविल्या, तर १९०६ कीं १९०८ या वादास तिऱ्हाईत साक्षीदार मिळेल. सरकारच्या हेरगिरीचा असा उपयोग व्हावा, ही इतिहासाची गंमतच.

आमच्या संग्राहक मित्रांस एवढेंच सांगणें आहे कीं, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड येथील जुन्या वाड्यांत हातकागदाची पोथी सांपडली कीं ती आपण रेशमी रुमालांत बांधितां. तिच्या खालीं अंथरलेला वर्तमानपत्राचा पिंवळा कागद मात्र झाडून टाकितां. तो आधीं उलगडून पाहावा. ‘दीनबंधु’चा अंक निघाल्यास तारीख, अखेरची मुद्रकाची ओळ व अग्रलेखाचा मथळा अक्षरशः उतरून घ्यावा, आणि मगच पुठ्ठ्यांत ठेवावा, तो कागद वारंवार घडी केल्यास घडीवरच तुटतो.