दुखण्याची दाद

मराठींत दुखण्याला शब्द उणे नाहींत. डोकें ठणकतें, दाढ ठुसठुसते, पाठींत उसण भरते, पोटांत कळ येते, सांध्यांतून चमक निघते, जखमेची आग होते आणि मनांत कांहीं सलत राहतें. परभणीकडील म्हाताऱ्या बायकांस विचारावें, तर त्या याहूनहि बारीक भेद सांगतील. परंतु तें ऐकून घेणारा कोण, हा प्रश्न निराळा. दुखणें सांगणें आणि त्याची दाद लागणें या दोन गोष्टींमध्यें आमच्या भागांत पुष्कळ अंतर राहिलें आहे. राजांच्या लढाया, करारमदार व जमाबंदी यांचे इतिहास झाले. पण कळवळणाऱ्या माणसाला उपशम कोणीं, केव्हां आणि कोणत्या अटीवर दिला, याचा इतिहास क्वचितच मांडला जातो. त्यांतील दोन-चार प्रकरणें येथें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. राजधानी हैदराबाद, कारभाराची भाषा उर्दू, आणि खेड्यांतला रोगी मराठी बोलणारा. त्याच्या हाताशीं वैद्य असे, हकीम असे, आणि दोहोंच्या आधीं घरचा उपाय असे. गुडघा धरला कीं सुई तापवून बिब्ब्याच्या तेलाचे ठिपके द्यावयाचे. पोटशूळ हटेना तर तापल्या लोखंडानें डागावयाचें. जुनें दुखणें दाबण्यासाठीं नवें दुखणें उठवावयाचें, असा हा न्याय. त्याला सर्वस्वीं वेडगळ म्हणवत नाहीं, कारण कातडीवरची ताजी आग आंतली कळ घटकाभर विसरावयास लावते, हा अनुभव खरा आहे. पण घटका सरली म्हणजे रोग्याजवळ दोन्हीं दुखणीं उरत.

खरा उपशम करणारें एकच औषध घरांत असे, तें अफू. १८९३ मध्यें अफूच्या चौकशीसाठीं बादशाही कमिशन नेमलें गेलें व १८९५ मध्यें त्याचा अहवाल बाहेर पडला. त्या चौकशींत देशाच्या नाना भागांतील साक्षीदारांनीं हेंच सांगितलें, कीं खोकला, हगवण, सांधेदुखी यांवर गोरगरीब अफूचा आधार घेतात. त्या काळीं अफूचा व्यापार हा सरकारी उत्पन्नाचा मोठा झरा होता, तेव्हां त्या अहवालाकडे संशयानेंहि पाहिलें गेलें, आणि तें योग्यच होतें. तथापि साक्षीदारांचें हें म्हणणें खोटें नव्हतें. अफूच्या पोटांत मॉर्फीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सर्टुर्नर नांवाच्या जर्मन औषधकारानें तें वेगळें काढून दाखविलें होतें. म्हणजे शास्त्राला जें औषध बाटलींत गवसलें, तें खेड्यांतल्या म्हातारीच्या डबींत पूर्वींपासून पडलें होतें. फक्त त्याचें माप तिला ठाऊक नव्हतें.

आतां राजधानीकडे वळूं. वेदनेच्या प्रश्नावर एके काळीं साऱ्या वैद्यकजगाचें लक्ष ज्या शहराकडे लागलें, तें लंडन किंवा पॅरिस नसून आमचें हैदराबाद होतें, ही गोष्ट परभणीच्या किती लोकांस ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. १८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्मची भूल प्रचारांत आणली. पुढच्याच जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी त्या भुलेखालीं दगावली. तेव्हांपासून वाद सुरू झाला : क्लोरोफॉर्मनें मृत्यु येतो तो हृदय थांबून, कीं श्वास कोंडून? लंडनचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवून बसत. एडिंबरोचे श्वासाकडे पाहत. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि तेथील वैद्यक शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या तालमींतले. श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको, हा त्यांचा मंत्र. तो सिद्ध करण्यासाठीं १८८८ मध्यें त्यांनीं पहिलें क्लोरोफॉर्म कमिशन बसविलें. ‘लॅन्सेट’ पत्रानें त्यावर अविश्वास दाखविला, तेव्हां सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं केले, कीं लॅन्सेटनें आपला माणूस पाठवून खात्री करून घ्यावी.

तो माणूस म्हणजे लॉडर ब्रंटन. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ मध्यें दाखवून देणारे हे गृहस्थ क्लोरोफॉर्म हृदयास घातक आहे असें मानणारे होते. १८८९ च्या अखेरीस हैदराबादेस दुसऱ्या कमिशनचें काम चाललें. कुत्रे, घोडे, माकडें, शेळ्या, मांजरें व ससे मिळून ४९० जनावरांवर प्रयोग झाले, आणि ब्रंटन यांचें मत फिरलें. धोका आहे तो गुदमरण्याचा व अतिमात्रेचा, हृदयावर प्रत्यक्ष नव्हे, अशी तार त्यांनीं विलायतेस केली. हैदराबादचा जयजयकार झाला.

हा जयजयकार पुरता टिकला नाहीं. १९११ मध्यें गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें, कीं हलक्या क्लोरोफॉर्मखालीं हृदयाचे कप्पे एकाएकीं नुसते थरथरूं लागतात व रोगी जागच्या जागीं मरतो. तेव्हां लॉरींचा सिद्धांत अपुरा ठरला. त्यांची शिकवण मात्र वायां गेली नाहीं. भूल देणाऱ्यानें शस्त्रक्रियेकडे न पाहतां रोग्याच्या श्वासावर नजर ठेवावी, हा नियम आजहि मोडीत निघालेला नाहीं. याच शाळेंत १८८५ च्या सुमारास शिकावयास आलेल्या रूपाबाई फर्दूनजी पुढें हैदराबादेस वर्षानुवर्षें भूल देत राहिल्या. जगांतील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचें नांव घेतलें जातें. ज्या काळीं परभणीच्या घरांतून मुलीस अक्षरओळख दुर्मिळ होती, त्या काळीं त्याच राज्यांत एक स्त्री दुसऱ्याच्या प्राणावर पहारा करीत बसली होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

असो. या सगळ्यांतून परभणीच्या रोग्यास काय मिळालें? शस्त्रक्रियेची वेदना गेली, आणि हा लाभ लहान नव्हे. विसाव्या शतकाच्या तोंडाशीं मनमाड-हैदराबाद रेल्वे परभणीवरून गेली, तेव्हां ज्याला भाडें परवडलें तो राजधानीच्या दवाखान्यापर्यंत पोंचूंहि लागला. परंतु सुरीची वेदना ही तासाभराची. तिच्यासाठीं राजाची थैली सुटली, विलायतेहून पंडित आले, तारा धांवल्या. अंथरुणावरची वेदना महिनोगणती चालते, तिला प्रेक्षक नसतात. तिच्यासाठीं कोणीहि कमिशन बसविलें नाहीं. आमच्या मतें वेदनेच्या इतिहासांतला खरा भेद हा आहे.

उलट पुढें झालें तें असें, कीं त्या दुसऱ्या वेदनेचें औषधच कुलपांत गेलें. १९८५ मध्यें मादक द्रव्यांचा कडक कायदा झाला. गंभीर गुन्ह्यास निदान दहा वर्षें सक्तमजुरी, आणि मॉर्फीन बाळगावयाचें तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने. हेतु व्यसनाला आळा घालण्याचा होता, त्यास नांव ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु औषधवाल्यांनीं माल ठेवणेंच सोडलें, डॉक्टर लिहून देणें विसरले, आणि १९९७ सालीं एवढ्या मोठ्या देशाचा मॉर्फीनचा वापर सुमारें १८ किलोवर येऊन ठेपला. त्याच वेळीं नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत परवान्याची अफू जमा होत होती आणि परदेशीं जात होती. घरीं विहीर आणि दारांत तहान, अशी ही अवस्था.

या कुलपाचा अनुभव आम्हीं घरांत घेतला आहे. आमच्या एक आत्या गंगाखेड तालुक्यांत गोदाकांठच्या गांवीं राहत. २००८ च्या सुमारास त्यांचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला. पाठ जमिनीस लागूं देत नसे. रात्रभर भिंतीला टेकून बसत. बिब्बा झाला, साध्या वेदनाशामक गोळ्या झाल्या. जवळच्या एका शहरांतले डॉक्टर म्हणाले, “या रोगांत दुखणारच, सोसायला हवं.” आत्याबाईंनीं मान डोलावली. सोसण्याचें शिक्षण त्यांस नव्यानें घ्यावयाचें नव्हतें. शेवटीं परभणीस गाडी बदलून त्यांस मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं तपासणीआधीं विचारलें, “आजी, रुपयातलं किती आणे दुखतं?” आत्या म्हणाल्या, “सोळा आणे, माय. वर आणखी उधारी.” डॉक्टरीणबाई हंसल्या नाहींत, त्यांनीं तें कागदावर लिहून घेतलें. दहा मिलिग्रॅमची मॉर्फीनची गोळी दर चार तासांनीं, आणि पोट साफ राहण्यास निराळें औषध. तिसऱ्या रात्रीं आत्या आडव्या होऊन झोंपल्या. सकाळीं पुन्हां तोच प्रश्न झाला, तेव्हां म्हणाल्या, “चार आणे राहिलंय. तेवढं माझं मी बघीन.”

त्या गोळ्या आमच्या जिल्ह्यांत आम्हांस कोठें मिळाल्या नाहींत. दर महिन्यास घरांतील एक जण रात्रीच्या गाडीनें मुंबईस जाई आणि डबी घेऊन परते. एकदां त्यास दोन दिवस उशीर झाला. ते दोन दिवस आठवूं नयेत असे वाटतात. आत्या गेल्या त्या मात्र शुद्धीवर, चार माणसांशीं बोलत. व्यसन त्यांस जडलें नाहीं. जडला तो फक्त झोंपेचा विसरलेला सराव.

१९८६ मध्यें मुंबईस वांद्रें येथें डॉ. एल. जे. डिसूझा यांनीं शांति आवेदना सदन उघडलें. अंतकाळींच्या रोग्यांसाठीं देशांतलें तें पहिलें घर. १९९३ मध्यें केरळांत कोळिकोड येथें वेदनाशमनाची संस्था उभी राहिली आणि रोग्याच्या घरीं जाण्याची रीत तिनें पाडली. २०१४ मध्यें कायदा सुधारला. पुढच्या वर्षीं नियम झाले व मॉर्फीन धरून सहा आवश्यक औषधांसाठीं, मान्यता मिळालेल्या रुग्णालयास, एकाच खात्याची परवानगी पुरूं लागली. कुलूप उघडलें खरें, परंतु उघडें दार पाहून आंत जाणारा डॉक्टर तालुक्याच्या गांवीं हवा, आणि “सोसा” म्हणण्याआधीं “किती आणे?” असें विचारण्याची त्यास संवय हवी. औषधाइतकीच ती संवय दुर्मिळ आहे.

गंगाखेड हें जनाबाईचें गांव. तिच्या जात्याला देवानें हात लावला, ही कथा आमच्या आत्याबाईंनीं शंभरदां सांगितली असेल. त्या कथेंत देव दळण नाहींसें करीत नाहीं, हें आमच्या लक्षांत फार उशिरां आलें. तो खुंट्याला दुसरा हात लावतो, एवढेंच. आणि तेवढ्यानें जातें हलकें होतें. वेदनेच्या बाबतींत शास्त्राकडून, सरकाराकडून व शेजाऱ्याकडून मागावयाचें तें याहून अधिक नाहीं. राहिलेले चार आणे माणूस आपले आपण बघतो.