नीलकंठशास्त्री गोरे यांचे पाचारण

एकोणिसाव्या शतकातील काशी म्हणजे महाराष्ट्राचे जणू एक दूरचे अंगणच होते. विश्वेश्वराचे देवालय अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलेले, गंगेवरच्या कित्येक घाटांना मराठे सरदारांचा पैसा लागलेला, आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागातील अरुंद गल्ल्यांतून दक्षिणी ब्राह्मणांची घरे दाटीने वसलेली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत अशा तीन भाषांत या मंडळींचा दिवस सरत असे. अशाच एका घरात नीलकंठ गोरे वाढले. घराणे कोकणस्थ. त्यांचे आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते. हे बांद्याचे नवाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचा आणि मस्तानीचा वंश. तेव्हा पेशवाईचा एक धागा या घराण्याशीही बांधलेला होता. नीलकंठांचा जन्म १८२५ च्या फेब्रुवारीत झाशीजवळच्या एका खेड्यात झाला. पुढे कुटुंब काशीस स्थिरावले.

मुलगा बुद्धिमान निघाला. व्याकरण आणि न्याय ही शास्त्रे त्याने काशीच्या पद्धतीने, म्हणजे गुरूसमोर मांडी घालून आणि प्रतिपक्षाला समोर उभा करून, अभ्यासिली. येथील शास्त्रार्थाची एक शिस्त ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आधी पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःलाही मांडता आले नसते इतक्या चोखपणे मांडावयाचे, आणि मग त्याचे खंडन करावयाचे. या शिस्तीत मोठा गुण आहे, तसा मोठा धोकाही आहे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणाऱ्याला तो एखादे दिवशी पटून बसण्याचा संभव असतो.

त्या काळी उत्तर हिंदुस्थानात एका संस्कृत पुस्तकाने पंडितवर्गात खळबळ उडविली होती. पुस्तकाचे नाव ‘मतपरीक्षा’. लेखक जॉन म्यूर, कंपनी सरकारचे एक स्कॉटिश मुलकी अधिकारी. कचेरीचे काम सांभाळून संस्कृतात पद्यरचना करण्याइतका व्यासंग या गृहस्थांनी केला होता, ही गोष्ट मतभेद बाजूस ठेवूनही मानण्यासारखी आहे. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता प्रतिपादिली होती. त्याला संस्कृतातूनच उत्तरे निघाली. पहिले त्याच साली ‘सोमनाथ’ या नावाने, दुसरे १८४० मध्ये हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे आणि सर्वांत विस्तृत उत्तर १८४४ मध्ये तयार झाले. त्या ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, आणि कर्ते नीलकंठशास्त्री गोरे. ग्रंथकाराचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे.

एकोणीस वर्षांच्या या शास्त्र्याने उपस्थित केलेले आक्षेप पोरकट नव्हते. जन्मतःच आंधळे, पांगळे किंवा दरिद्री जन्मास येणाऱ्या जीवाचा अपराध कोणता? पूर्वजन्म मानला नाही, तर त्या दुःखाची जबाबदारी सरळ ईश्वरावर येते. तसेच, मर्यादित आयुष्यात घडलेल्या मर्यादित पापाला अंत नसलेला नरक, हा कोणता न्याय? मोक्षाचा मार्ग हाच एक असेल, तर तो प्रकट होण्यापूर्वी होऊन गेलेल्या असंख्य माणसांचे काय? कोणत्याही ख्रिस्ती धर्मशास्त्र्याला थांबून विचार करावयास लावतील असे हे प्रश्न आहेत. पुढे अशा प्रश्नांचा जाब खुद्द त्यांनाच द्यावा लागला.

काशीस चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे एक मिशनरी राहत असत. त्यांना वादात निरुत्तर करावे या हेतूने नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. गेले ते जिंकावयास. स्मिथसाहेब शास्त्रार्थात काशीच्या पंडिताची बरोबरी करणारे नव्हते; पण ते चिडले नाहीत, त्यांनी घाई केली नाही, पुस्तके वाचावयास दिली आणि पुन्हा येण्यास सांगितले. शास्त्रीबोवा पुन्हा गेले. खंडन करावयाचे तर मूळ ग्रंथ वाचला पाहिजे, म्हणून त्यांनी बायबल वाचले. ज्याचे दोष शोधावयाचे, त्याच्या पानापानांवर मन रेंगाळू लागले. वाद हळूहळू बाहेरचा आत शिरला, आणि वादी व प्रतिवादी दोघेही एकाच माणसाच्या अंतःकरणात बोलू लागले.

ख्रिस्ती परिभाषेत या अवस्थेला ‘पाचारण’ असा शब्द आहे. ईश्वराने माणसाला नाव घेऊन हाक मारावी आणि त्याने ‘ओ’ द्यावी, असा त्याचा अर्थ. जुन्या करारातील शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तेव्हा आपल्याला एली बोलावतो आहे असे वाटून तो तीन वेळा त्याच्याकडे धावत जातो. हाक ऐकणे आणि ती कोणाची हे ओळखणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नीलकंठशास्त्र्यांच्या बाबतीत पहिली गोष्ट चारेक वर्षांत घडली, दुसरीला सारे आयुष्य लागले.

१४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. काशीत तो होणे शक्यच नव्हते. आप्तेष्टांचा आणि पंडितसमाजाचा क्षोभ तेथे अनावर झाला असता. नाव मिळाले नेहेम्या. जेरुसलेमचे पडके तट पुन्हा बांधणाऱ्या पुरुषाचे हे नाव. धर्मांतर करणाराचा वारसाहक्क अबाधित राखणारा सार्वत्रिक कायदा १८५० मध्ये आला. बंगाल इलाख्यात १८३२ च्या नियमाने काही संरक्षण आधीच दिलेले होते, परंतु नियमाच्या पुस्तकातले संरक्षण निराळे आणि घराच्या उंबरठ्यावरचा व्यवहार निराळा. घराच्या दृष्टीने मुलगा मेलाच. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्यांच्याकडे आल्या. १८५३ च्या सप्टेंबरात मुलगी झाली, आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई वारल्या. तान्ह्या मुलीला एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज जोडप्याने सांभाळले. १८५७ च्या उत्पातात त्यांची मालमत्ता गेल्यावर ती एका मिशनरी कुटुंबात गेली आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडास पोहोचली. बाप एका ध्येयामागे निघाला आणि पोर दुसऱ्यांच्या घरी वाढली, हा हिशेब चरित्रकार सहसा एका ओळीत आटोपतात. तो इतका लहान नाही.

१८५४ मध्ये नीलकंठ गोरे स्वतः इंग्लंडास गेले. पदच्युत शीख राजपुत्र महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांची त्यांची भेट झाली आणि त्या पंडिताने पुढे आपल्या आठवणींत ती नोंदवून ठेवली. हा तरुण ब्राह्मण अत्यंत खिन्न होता. ज्या धर्मासाठी त्याने मातापितरे सोडली, त्या धर्माचे लोक स्वदेशी कसे वागतात हे पाहून त्याचा विरस झाला होता. लंडनच्या रस्त्यांवर जे दिसते तेच ख्रिस्ती धर्माचे स्वरूप असेल, तर आपण परत घरी जावे, इतकी त्याची निराशा पराकोटीस गेली होती. विलायत पाहून दिपलेले पुष्कळ भारतीय त्या शतकात होऊन गेले. तेथे ख्रिस्त शोधावयास गेलेला आणि निराश झालेला माणूस मात्र विरळा.

तरी ते परत फिरले नाहीत. हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८६२ मध्ये कलकत्त्यास निघाला. सहाही दर्शनांची, विशेषतः अद्वैतवेदान्ताची, त्यात कठोर चिकित्सा आहे. ब्रह्म निर्गुण म्हणावयाचे आणि तेच सच्चिदानंदही म्हणावयाचे, ही विसंगती ते नैयायिकाच्या तिखट पद्धतीने दाखवितात. वेदान्त्याला त्यातील सर्व युक्तिवाद मान्य होणार नाहीत. काही ठिकाणी शास्त्रीबोवा प्रतिपक्षाला द्यावी तितकी सवलत देत नाहीत, हेही खरे. तथापि परक्या मिशनऱ्याच्या पुस्तकांत आढळणारे अज्ञान येथे नाही. हा घरातल्या माणसाने घराशी मांडलेला वाद आहे. पुढे त्यांनी असेही प्रतिपादन केले की, हिंदूंच्या वैराग्यानेच, तपाने आणि शरणागतीच्या भावनेनेच ख्रिस्ताचा स्वीकार करण्यास या देशाचे मन तयार करून ठेवले आहे. आपल्या पूर्वजांना त्यांनी मोडीत काढले नाही.

उलट, पूर्वी विचारलेल्या प्रश्नांनी त्यांची पाठ सोडली नाही. अनंत नरकाचा आक्षेप एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ज्या तीक्ष्णतेने घेतला होता, त्याच तीक्ष्णतेने तो उलटून त्यांच्यावर आला. त्या सिद्धान्ताच्या समर्थनार्थ त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली; पण ज्याला शंका नाही, तो अशी पुस्तिका लिहावयास बसत नाही. मित्रांच्या आणि चरित्रकारांच्या साक्षीवरून एवढे स्पष्ट आहे की संशय हा या माणसाचा जन्माचा सोबती होता. काशीने दिलेली खोड बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही.

कोणत्या पंथात राहावे, हाही प्रश्न होताच. आरंभी ते इव्हँजेलिकल मिशनऱ्यांचे सहकारी होते. क्रमाने त्यांचे मन उपासनाविधी, परंपरा आणि संन्यस्त जीवन यांना महत्त्व देणाऱ्या अँग्लिकन शाखेकडे वळले. १८६८ मध्ये ते डीकन झाले, १८७० मध्ये प्रीस्ट. ऑक्सफर्डजवळ कौली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या संत योहानाच्या मठवासी संघाकडे ते ओढले गेले, आणि १८७६ मध्ये नवदीक्षित म्हणून तेथे दाखल झाले. पन्नाशी उलटलेला हा विद्वान कोवळ्या इंग्रज उमेदवारांच्या पंक्तीला बसला. पण आजन्म शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. संघाचे लोक त्यांना आपले मानीत, ते संघाच्या नियमाने राहत, संन्याशासारखे अकिंचन राहत, आणि तरीही शेवटचे पाऊल उंबरठ्याच्या अलीकडेच राहिले. याला कोणी अस्थिरता म्हटले आहे. अधिक न्यायाचे असे म्हणणे होईल की, मनाची पूर्ण खात्री नसता ईश्वरापुढे शब्द देणे त्यांच्या सत्यनिष्ठेला परवडत नव्हते.

त्यांचे शेवटचे पर्व महाराष्ट्रात, मुख्यतः पुणे आणि मुंबई येथे गेले. पुण्यात पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध होता. १८९० मध्ये ज्या मिशनात चहा घेतल्यामुळे रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले, तेच हे. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजिष्टांशी त्यांनी दीर्घ वाद केले. त्यांचा मुद्दा एकच, पण अवघड होता: दयाळू, पवित्र, एकमेव पिता असा जो ईश्वर तुम्ही मानता, तो केवळ मनुष्यबुद्धीने शोधून काढलेला नाही, ज्या ग्रंथातून तो तुमच्याकडे आला त्याचे ऋण मान्य करा.

या युक्तिवादाचा परिणाम त्यांना न दिसणाऱ्या एका ठिकाणी झाला. पंडिता रमाबाई तेव्हा ब्राह्मोमताकडे झुकलेल्या होत्या. पुण्यात त्यांची आणि फादर गोऱ्यांची ओळख झाली; १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज येथे गेल्यावर पत्रव्यवहार चालू राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आपली श्रद्धा निश्चित होण्यास या पत्रांचे मोठे साह्य झाले, हे त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात कृतज्ञतेने सांगितले आहे. संस्कृत जाणणाऱ्या त्या विदुषीला समजेल अशा रीतीने बोलू शकेल असा शास्त्री त्या काळच्या ख्रिस्ती समाजात दुसरा कोण होता? अर्थात रमाबाई त्यांच्या वाटेने गेल्या नाहीत. चर्चची अधिकारपरंपरा गोऱ्यांना विसाव्याची जागा वाटली. रमाबाईंना ती काचू लागली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, दुष्काळातल्या अनाथ मुलींना केडगावी आणले, आणि स्वतःचे काम स्वतःच ओळखले.

दुरावलेली मुलगी एलन लक्ष्मी १८८० मध्ये हिंदुस्थानात परतली होती. तोवर तिने इंग्रजीत भक्तिगीते लिहिण्यास आरंभ केला होता, आणि त्यांपैकी एक तर पुढे देशोदेशीच्या चर्चमध्ये गायिले गेले. ती स्वतः डीकनेस झाली; अलाहाबादच्या अनाथ मुलींच्या वसतिगृहाची तिने अनेक वर्षे व्यवस्था पाहिली आणि १९३७ पर्यंत ती हयात होती. ज्या मुलीला आईचे घर लाभले नाही, तिने घर नसलेल्या मुलींत दिवस घालविले.

फादर गोरे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईस निवर्तले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्याच शहरी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे टिळकांची वाणी अभंगाच्या रूपाने मराठी घरांत शिरली. नीलकंठशास्त्र्यांचे लिखाण मात्र वादग्रंथांचे, आणि वादग्रंथ वादाबरोबर मागे पडतात. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ ही त्यांची एकोणिसाव्या वर्षीची, ख्रिस्ती मताचे खंडन करणारी संस्कृत कृती सदाशिव कात्रे यांनी संपादून १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध केली. एका ख्रिस्ती धर्मगुरूचा तो पहिला ग्रंथ होय.